मातीविना रोपांसाठी घरगुती स्वयंचलित पाणी: आधी नळ्या, मग तारा

ओंजळभर (धागाकर्ता)

मातीविना रोपे वाढवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पाणी देण्याचे काम यंत्रावर सोपवावेसे वाटते, आणि मग बहुतेक जण सर्वांत आधी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम भरता येणारी छोटी संगणक-चिप, आणतात. मीही तेच केले. माझ्या पहिल्या रचनेतला प्रोग्राम दोनशे ओळींचा होता. नळ्यांचा विचार मात्र एका संध्याकाळपुरता झाला होता. तीन आठवड्यांनी एका रात्री रिलेचे (पंप चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचचे) संपर्क एकमेकांना चिकटले. प्रोग्राम इमानाने ‘पंप बंद’ म्हणत राहिला आणि पंप चालत राहिला. सकाळी टाकीतले जवळजवळ सगळे पोषणद्रावण ट्रेच्या काठावरून जमिनीवर आलेले होते आणि कोरडा फिरून पंप जळालेला होता.

दुसरी रचना मी उलट्या क्रमाने बांधली, आणि हा धागा तिच्याविषयी आहे. प्रत्येक भाग हातात घेऊन मी दोनच प्रश्न विचारले: हा चालू स्थितीत अडकला तर काय होईल, आणि बंद स्थितीत अडकला तर काय होईल? शक्य असेल तिथे या प्रश्नांचे उत्तर पाण्याच्या वाटेने द्यायचे, प्रोग्रामने नाही, कारण पाणी उताराकडे जायला कधी विसरत नाही.

पद्धत भरती-ओहोटीची आहे. वर भाजलेल्या मातीच्या गोळ्यांनी भरलेला ट्रे, खाली झाकणाची टाकी. पंप ठरावीक वेळी ट्रे भरतो आणि पंप थांबला की तेच द्रावण त्याच नळीतून, पंपातूनच, उलटे खाली उतरते. ट्रे ६० बाय ४० सेंटिमीटरचा असून त्यात पाणी १० सेंटिमीटर चढते. रिकाम्या ट्रेत त्यासाठी २४ लिटर लागले असते, पण गोळे भरल्यावर प्रत्यक्ष ओतून मोजले तेव्हा साधारण १२ लिटर लागले. टाकी ४० लिटरची आहे आणि तिच्यात द्रावण ३० लिटर ठेवतो. ट्रे पूर्ण भरलेला असतानाही टाकीत १८ लिटर उरतात, म्हणजे पंप बुडालेला राहतो, आणि सगळे परत आले तरी टाकी ओसंडत नाही. हा हिशेब कागदावर करायला पाच मिनिटे लागतात. पहिल्या वेळी मी तो केला नव्हता.

सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे ट्रेमधली उभी सांडनळी. ट्रेच्या तळातून वर आलेल्या या नळीचे तोंड बरोबर १० सेंटिमीटरवर आहे, त्यामुळे पातळी तिच्यावर गेली की जादाचे पाणी थेट टाकीत पडते. आत येणाऱ्या नळीचा व्यास १२ मिलिमीटर आहे आणि सांडनळीचा २५. आत येणाऱ्या पाण्याला पंप ढकलत असतो, तर बाहेर जाणाऱ्या पाण्याला फक्त स्वतःच्या वजनाचा आधार असतो. म्हणून दोन्ही नळ्या सारख्याच ठेवणे ही चूक ठरते. एवढ्या एका नळीमुळे चालू अडकलेला पंप आता निरुपद्रवी झाला आहे, कारण पाणी नुसते गोल फिरत राहते. पंप बंद अडकला तर ओलसर गोळे मुळांना काही तास सांभाळतात.

पंपाच्या खोक्यावर ताशी १००० लिटर लिहिले होते. तो आकडा पाणी अजिबात वर चढवायचे नसेल तेव्हाचा असतो. टाकीपासून ट्रेपर्यंतची ८० सेंटिमीटरची उंची आणि प्रत्यक्ष वापरायची नळी जोडून मी १० लिटरची बादली भरली, तेव्हा ७२ सेकंद लागले, म्हणजे ताशी ५०० लिटर. या वेगाने ट्रे दीड मिनिटात भरतो. मी पंप पाच मिनिटे चालवतो आणि उरलेला वेळ सांडनळी आपले काम करते. वेळ अचूक जुळवण्याची गरजच त्यामुळे उरली नाही. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर दोन तासांनी, अशा दिवसातून सात पाळ्या होतात. रात्री पाणी देत नाही.

विजेचा भाग थोडक्यात सांगतो. पंप १२ व्होल्टचा असून साधारण १.२ अँपिअर घेतो. वेळेसाठी डीएस३२३१ हे घड्याळ आहे, कारण तापमान बदलले तरी ते वर्षाला मिनिटभराहून फारसे सरकत नाही आणि वीज गेली तरी नाण्याएवढ्या सेलवर चालू राहते. टाकीत तळाजवळ एक फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या भागाने चालणारे बटण, आहे. तो मी मायक्रोकंट्रोलरला न जोडता पंपाच्या तारेतच ओवला आहे. पाणी संपले की प्रोग्रामचे मत काहीही असो, पंपाचा प्रवाह तुटतो.

काही चुकत असेल तर सांगावे.

तारतम्य

रचना आवडली, विशेषतः सांडनळीचा विचार. पण विजेच्या परिच्छेदात तुम्ही पहिल्याच रात्रीची पुनरावृत्ती करून ठेवली आहे. छोट्या फ्लोट स्विचच्या आत काचेच्या नळीत दोन पातळ पट्ट्या असतात आणि तरंगत्या भागातल्या चुंबकाने त्या एकमेकींना टेकतात. त्यांची क्षमता बहुधा अर्ध्या अँपिअरच्या आसपास असते. मोटर सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि बंद होताना ठिणगी पाडते, तेव्हा १.२ अँपिअरचा पंप त्या पट्ट्यांतून चालवल्यास त्याही रिलेसारख्याच चिकटतील, आणि तुमचा रखवालदार नेमका हवा असेल त्या रात्री झोपलेला असेल. फ्लोट स्विच पंपाच्या तारेतून काढून रिलेच्या गुंडाळीच्या तारेत घाला. रिलेऐवजी मॉसफेट, म्हणजे हलते भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच, वापरत असाल तर त्याच्या गेटच्या (त्याला चालू-बंदचा इशारा देणाऱ्या टोकाच्या) तारेत घाला. प्रोग्रामला न विचारता पंप बंद करण्याचा तुमचा हेतू तिथेही साधतो, आणि पट्ट्यांतून जाणारा प्रवाह नगण्य राहतो.

मी स्वतः १२ व्होल्टच्या पंपासाठी मॉसफेटच सुचवेन, कारण त्यात झिजणारे संपर्क नाहीत. मात्र तो मायक्रोकंट्रोलरच्या कमी व्होल्टेजवर पूर्ण उघडणारा हवा. आयआरएलझेड४४एन चालतो; आयआरएफ५४० अर्धवट उघडून तापत बसतो. गेट आणि ऋण टोक यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर जरूर घालावा, नाहीतर मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू होत असताना गेट अधांतरी राहते आणि पंप मनाला येईल तसा चालतो. बंद होतानाच्या ठिणगीसाठी पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा लावावा. मॉसफेटही बहुधा चालू स्थितीतच मरतो, हे मात्र लक्षात असू द्या. तेव्हा तुमची सांडनळी निवृत्त होऊ शकत नाही.

रिलेच वापरायचा असेल तर आणखी एक बारकावा सांगतो. बाजारातली बरीच रिले मोड्यूल पिनवर खालची पातळी (शून्य व्होल्ट) आली की चालू होतात. प्रोग्रामच्या सुरुवातीला पिन ‘आउटपुट’ म्हणून जाहीर केली की अर्दुइनो या लोकप्रिय मायक्रोकंट्रोलर बोर्डावर ती आपोआप खालच्या पातळीला जाते आणि प्रत्येक रीस्टार्टला पंप एकदा हिसका देतो. आधी पिनवर वरची पातळी लिहावी आणि मग तिला आउटपुट करावे. दोन ओळींची अदलाबदल केली की काम होते.

आणि पंप घरगुती मुख्य विजेवर चालणारा असेल, तर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा आरसीसीबी असल्याशिवाय ओल्या हाताने टाकीत हात घालू नये. प्रत्येक तार सॉकेटमध्ये शिरण्यापूर्वी एकदा खाली झोका देऊन वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी टपकते आणि सॉकेटपर्यंत पोचत नाही.

नवशिका

माझ्याकडे वेगळे घड्याळ नाही. मायक्रोकंट्रोलरच्या मिलिसेकंदांच्या मोजणीवरच सगळे चालते आणि दीड महिना ते सुरळीत चालले. पन्नासाव्या दिवशी मात्र पंप पाच मिनिटांनी थांबला, की लगेच पुन्हा सुरू व्हायचा. असे जवळजवळ दोन तास चालले आणि अखेरची काही मिनिटे रिले तर टाळ वाजवावेत तसा खडखडत होता. त्यानंतर सगळे आपोआप पूर्ववत झाले. रिले खराब झाला आहे का? रोपांना काही झाले नाही, कारण माझ्याही ट्रेला सांडनळी आहे.

तारतम्य

रिले निर्दोष आहे, निदान त्या खडखडाटापर्यंत होता. मिलिसेकंदांचा मोजक ३२ बिटांचा असतो, तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि मग शून्यावर येतो. याला ४९ दिवस आणि सुमारे १७ तास लागतात, म्हणजे तुमचा पन्नासावा दिवस. तुमच्या प्रोग्रामने ‘पुढची पाळी म्हणजे आत्ताची वेळ अधिक दोन तास’ अशी बेरीज करून ठेवली असणार. मोजक टोकाला दोन तासांपेक्षा जवळ आला की ही बेरीज शून्य ओलांडून अगदी छोटी संख्या होते. आत्ताची वेळ तिच्यापेक्षा मोठीच असते, म्हणून पाळी लगेच आली असे ठरते. शेवटच्या पाच मिनिटांत पंप थांबवण्याच्या वेळेची बेरीजही तशीच गडबडते, म्हणून चालू-बंद, चालू-बंद.

उपाय सोपा आहे. पुढची वेळ साठवू नका, मागच्या पाळीची वेळ साठवा, आणि ‘आत्ताची वेळ वजा मागची वेळ’ दोन तासांहून अधिक झाली का ते पाहा. चिन्हविरहित (ऋण न होणाऱ्या) संख्यांची वजाबाकी शून्य ओलांडूनही बरोबर उत्तर देते. तरीही घड्याळ घ्याच, कारण वीज जाऊन आल्यावर तुमच्या मोजणीला सकाळ आहे की मध्यरात्र हे कळत नाही.

साधीसोपी

मला प्रामाणिकपणे विचारावेसे वाटते की हे सगळे कशासाठी. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पंपच नसतो. झाकलेल्या डब्यात द्रावण भरायचे आणि रोप झाकणात बसवायचे. रोप द्रावण पीत जाते तशी पातळी उतरते, वरच्या मोकळ्या जागेत मुळांना हवा मिळते आणि खालच्या मुळांना द्रावण. माझी पालेभाजी लावणीपासून काढणीपर्यंत अशीच वाढते आणि तिथे अडकायला एकही भाग नाही.

ओंजळभर (धागाकर्ता)

साधीसोपी, तुमच्या म्हणण्याशी मी मोठ्या अंशी सहमत आहे, आणि केवळ पालेभाजीच लावायची असती तर हा धागा निघालाच नसता. टोमॅटोसारखे फळझाड भरात आले की दिवसाला एक-दोन लिटर सहज पिते. त्याच्यासाठी डबा वारंवार भरावा लागतो, आणि एकदा मोकळ्या हवेला सरावलेली वरची मुळे पुन्हा पूर्ण बुडवली तर गुदमरतात. म्हणजे हाताने राखायची पातळी येतेच. तिथे यंत्राला जागा आहे.

तारतम्य, फ्लोट स्विचबद्दलचे म्हणणे अगदी मान्य. या रविवारी तो गेटच्या तारेत हलवतो.

हरितद्रव्य

इतका वेळ सगळे नळ्या आणि तारांविषयी बोलले. त्यांतून काय वाहते याविषयी कोणी बोलेना, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट तापमानाची. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. याच वेळी उष्णतेने मुळांचे श्वसन मात्र वाढते. म्हणजे गरज वाढते आणि साठा आटतो, आणि पिथियमसारख्या मुळकुजीच्या रोगाला हेच वातावरण मानवते. निरोगी मुळे पांढरी आणि ताठ असतात. तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाची झाली की समजावे. त्यामुळे मला विचाराल तर स्वयंचलित यंत्रात पहिला संवेदक तापमानाचा असावा. डीएस१८बी२० हा पाण्यात बुडवता येण्याजोग्या आवरणात मिळतो आणि त्याला ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर सोडला तर काही लागत नाही. टाकी जमिनीलगत, सावलीत आणि प्रकाश आत न जाणारी असावी. अर्धपारदर्शक नळ्यांत आठवड्याभरात शेवाळ धरते आणि तेच पुढे सांडनळीच्या जाळीवर जाऊन बसते.

दुसरी गोष्ट वाहकतेची, म्हणजे द्रावणात क्षार किती आहेत हे सांगणाऱ्या मापाची. पालेभाज्यांना १.२ ते १.८ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर पुरते, फळझाडांना २ ते ३.५ पर्यंत लागते. उन्हाच्या दिवसांत रोपे क्षारांपेक्षा पाणी जास्त ओढतात, त्यामुळे टाकीतले द्रावण आपोआप दाट होत जाते. अशा वेळी पातळी उतरली म्हणून नवे पूर्ण ताकदीचे द्रावण घालणे म्हणजे आमटी आटल्यावर तीत पुन्हा मीठ घालण्यासारखे आहे. साधे पाणी घालावे आणि मग मोजावे. वाहकता दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते, तेव्हा तापमानाची दुरुस्ती न करणारे मीटर दुपारी आणि पहाटे वेगवेगळे बोलते. त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

तिसरी गोष्ट, खताच्या दाट द्रावणांच्या बाटल्या दोन का असतात. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेट हे दाट स्वरूपात एकत्र आले की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका खाली बसतो, आणि साका रोपांच्या उपयोगाचा नसतो, फक्त नळ्या बुजवण्याच्या उपयोगाचा असतो. म्हणून खत घालणारे छोटे पंप जोडणार असाल तर दोन्ही बाटल्यांच्या नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवाव्यात आणि दोन मात्रांच्या मध्ये टाकी ढवळली जाईल इतका वेळ जाऊ द्यावा. मातीविना रोपे वाढवायचा हा नाद नवा नाही. झाख्स आणि क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास क्षारांच्या पाण्यात रोपे वाढवून दाखवली होती, गेरिक या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये त्याला हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ केले, आणि होगलंड व आर्नन यांचे १९३८ चे द्रावण आजही प्रमाण मानले जाते. साक्याचा त्रास मात्र प्रत्येक नव्या हौशी माणसाला स्वतःच शोधावा लागतो असे दिसते.

सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५.५ ते ६.५ मध्ये ठेवावा. तो ७ च्या वर राहिला की लोह मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पण सामू आपोआप राखणारे यंत्र घरी करू नये, या मताची मी आहे. सामू मोजणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडचे माप हळूहळू सरकते, त्याला ४ आणि ७ च्या प्रमाण द्रावणांत वारंवार जुळवावे लागते आणि तो कोरडा पडला तर बिघडतो. शिवाय सामूचा एक अंक म्हणजे दहा पटींचा फरक. बिघडलेल्या इलेक्ट्रोडवर विश्वास ठेवून रात्रभर आम्ल ओतणारा पंप तुमच्या सांडनळीला अडवता येणार नाही. मी आठवड्यातून दोनदा हाताने मोजते आणि दर पंधरवड्याला द्रावण पूर्ण बदलते.

ओंजळभर (धागाकर्ता)

आम्लाच्या पंपाबद्दलचे तुमचे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे. माझ्या कसोटीवर तो भाग नापासच होतो: चालू स्थितीत अडकला तर काय, याला पाण्याच्या वाटेत उत्तर नाही. फार तर आम्लाची बाटलीच इतकी लहान ठेवता येईल की ती पूर्ण ओतली गेली तरी ३० लिटरमध्ये रोपे मरणार नाहीत. पण मग ती रोज भरावी लागेल, आणि रोज जायचेच तर हातानेच का घालू नये.

नवशिका

आणखी दोन प्रश्न आहेत. ट्रेशेजारी मी आडव्या नळ्यांची रचनाही करतो आहे, जिच्यात मुळांखालून द्रावणाचा पातळ थर सतत वाहतो. हाच टायमर आणि हाच रिले तिला चालेल का? आणि टाकीत साधे पाणी आपोआप पडावे म्हणून धुलाई यंत्रासारखा विजेवरचा व्हॉल्व्ह वर ठेवलेल्या पिंपाला जोडला, तर त्यातून नुसती धार ठिबकते, असे का?

ओंजळभर (धागाकर्ता)

आडव्या नळ्यांची गोष्ट ट्रेच्या बरोबर उलटी आहे. तिथे मुळांभोवती ओल धरणारे काहीच नसते, त्यामुळे उन्हाच्या वेळी पंप थांबला तर काही तासांतच रोपे माना टाकतात. चालू अडकणे तिथे निरुपद्रवी, बंद अडकणे घातक. म्हणून पंप रिलेच्या अशा संपर्कावर जोडावा, की रिलेला वीज नसताना तो चालूच राहील. मायक्रोकंट्रोलर मेला तरी पाणी वाहते. फ्लोट स्विच मात्र यापासून वेगळा ठेवावा लागेल, त्याचा स्वतंत्र रिले करावा. नळ्यांना ३० ते ४० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर इतका उतार ठेवा आणि मधे झोळ पडू देऊ नका, नाहीतर तिथे साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात.

विजेच्या व्हॉल्व्हबद्दल: त्या प्रकारातले बरेच व्हॉल्व्ह पाण्याच्याच दाबाने पूर्ण उघडतात, आणि त्यांना निदान ०.०२ मेगापास्कल दाब लागतो. म्हणजे पिंप सुमारे दोन मीटर उंचावर हवे; तुमचे बहुधा स्टुलावर असेल. त्याऐवजी साधा बॉलकॉक (तरंगत्या गोळ्याने बंद होणारा नळ) लावा. फक्त तो नळाला थेट जोडू नका. टाकीला कुठे गळती लागली तर बॉलकॉक प्रामाणिकपणे रात्रभर पाणी भरत राहील, घर भिजेल आणि द्रावण पातळ होऊन निव्वळ पाणी उरेल. माझ्याकडे तो २० लिटरच्या डब्याला जोडलेला आहे. काहीही बिघडले तरी सांडेल ते त्या वीस लिटरांच्या हिशेबातले.

तारतम्य

वीज जाण्याच्या काळजीने कोणी बॅटरी जोडणार असेल, तर एक गमतीचा हिशेब देतो. धागाकर्त्यांचा पंप दिवसात ३५ मिनिटे चालतो, म्हणजे १.२ अँपिअरने ०.७ अँपिअर-तास. मायक्रोकंट्रोलर आणि त्याचे व्होल्टेज उतरवणारे सर्किट १२ व्होल्टच्या बाजूने ४० मिलिअँपिअर घेत असेल, तर चोवीस तासांत जवळजवळ १ अँपिअर-तास होतो. पाणी चढवण्यापेक्षा पाणी कधी चढवायचे याचा विचार करण्यातच जास्त वीज जाते! सात अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्मीच वापरायची म्हटले तर दोन दिवस निघतील; मायक्रोकंट्रोलरला दोन पाळ्यांच्या मध्ये झोपवून घड्याळाच्या गजराने उठवले तर सुमारे पाच.

ओंजळभर (धागाकर्ता)

रविवारी फ्लोट स्विच गेटच्या तारेत हलवला आणि मग मुद्दाम एकेक भाग बिघडवून पाहिला. चालू पंपाचा मायक्रोकंट्रोलर उपटला: पंप थांबला, ट्रे दहा मिनिटांत रिकामा झाला. मॉसफेटची दोन टोके तारेने जोडून पंप तासभर कायम चालू ठेवला: पातळी सांडनळीच्या तोंडाशी स्थिर राहिली. फ्लोट हाताने खाली दाबला: पंप बंद. मग हरितद्रव्य यांचे शेवाळ आठवले, म्हणून सांडनळीची जाळी ओल्या फडक्याने झाकली. मिनिटाभरात पाणी ट्रेच्या काठाला लागले आणि मी धावत जाऊन फडके ओढले.

आता पहिल्या सांडनळीच्या तोंडापेक्षा दोन सेंटिमीटर वर, समोरच्या भिंतीत, दुसरे २५ मिलिमीटरचे भोक पाडले आहे. त्याला मुद्दाम जाळी लावलेली नाही, त्याच्यापुरती गोळ्यांची जागा मोकळी ठेवली आहे, आणि त्याची नळी टाकीत न उतरवता टाकीच्या झाकणावर सोडली आहे. तिच्यातून पाणी पडू लागले की आवाज होतो, आणि पहिली जाळी बुजल्याचे मला शेजारच्या खोलीतही कळते.